यंत्रगणितांतील समानता

दोन राशि समान आहेत कीं नाहींत, हा गणितांतील सर्वांत सोपा प्रश्न होय अशी सामान्य समजूत आहे. बेरीज-वजाबाकीस थोडे तरी श्रम पडतात, भागाकारास त्याहून अधिक पडतात. पण दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून ते सारखे आहेत कीं निराळे, हें सांगण्यास पाटीवर नुकतेंच अंक गिरवूं लागलेलें मूलहि पुरे पडेल. असें असतां, मनुष्यानें आपलें गणित यंत्राच्या स्वाधीन केल्यापासून गेल्या सुमारें ऐशीं वर्षांत नेमक्या ह्याच प्रश्नानें गणितज्ञांची, यंत्रकारांची व प्रोग्राम लिहिणारांची वारंवार फसगत केली आहे. ह्या फसगतीचा इतिहास फार लांबलचक नाहीं. पण तो उद्बोधक आहे, व त्यांत एके ठिकाणीं मनुष्यांचे प्राणहि गुंतलेले आहेत. तो थोडक्यांत सांगून त्यांतून निघणारा बोध कोणता, ह्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यंत्र संख्या कशी लिहितें तें पाहूं. ज्योतिषी सूर्याचें अंतर सांगतांना ‘१.४९६ गुणिलें दहाचा आठवा घात, इतके किलोमीटर’ असें लिहितो. म्हणजे संख्येचे महत्त्वाचे अंक एकीकडे व तिचें मान दाखविणारा घात दुसरीकडे, असे तिचे दोन भाग करितो. ह्या पद्धतींत दशांशचिन्ह एका जागीं खिळून न राहतां घाताप्रमाणें मागेंपुढें सरकतें, म्हणून तिला ‘फ्लोटिंग पॉइंट’, म्हणजे तरता बिंदु, असें नांव पडलें. संगणकहि संख्या अशाच रीतीनें लिहितो. भेद इतकाच कीं, त्याचें गणित दहाच्या ऐवजीं दोनाच्या पायावर चालतें, आणि प्रत्येक संख्येस दिलेली जागा ठराविक असते. हल्लीं बहुतेक ठिकाणीं रूढ असलेल्या प्रकारांत ही जागा ६४ बिटांची असते: १ बिट चिन्हासाठीं, ११ घातासाठीं व ५२ अंकांसाठीं. आपल्या दशमान अंकांत सांगावयाचें तर सुमारें सोळा अंक तींत मावतात. संख्या अनंत आणि खण मोजके. ह्यामुळें जी संख्या कोणत्याच खणांत नेमकी बसत नाहीं, तिला जवळच्या खणांत बसवावें लागतें. पुढील सर्व कथेचें मूळ ह्या एका गोष्टींत आहे.

एकतृतीयांश दशांशांत लिहूं गेल्यास तीनाच्या पुढें तीन येतच राहतात, हें शाळेंतील मुलांस ठाऊक असतें. दोनाच्या पायावर लिहितांना हीच अवस्था एकदशांशाची होते. कारण दहाचा एक अवयव पांच आहे, आणि पांचाचा भाग दोनाच्या कोणत्याहि घातास पुरा जात नाहीं. ज्या अपूर्णांकाचा छेद दोनाचा घात असेल तोच यंत्रांत नेमका उतरतो. गंमत अशी कीं, आपल्या जुन्या पंतोजींनीं मुलांकडून पाठ करून घेतलेली पावकी, निमकी व पाऊणकी ह्यांतील पाव, अर्धा व पाऊण हे तिन्ही अपूर्णांक यंत्रास निर्दोष लिहितां येतात. रुपयाचा सोळावा भाग जो आणा, व चौसष्टावा भाग जो जुना पैसा, तेहि त्यास नेमके लिहितां येतात. मात्र १९२ वा भाग जी पै, ती येत नाहीं, कारण तिच्या छेदांत तीन आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं आपल्या देशांत दशमान नाणीं सुरू झालीं. व्यवहारास तीं सोयीचीं ठरलीं, परंतु यंत्राच्या दृष्टीनें शंभर पैशांतील एक रुपयाहून लहान अशा रकमांपैकीं केवळ २५, ५० व ७५ पैसे एवढ्याच तीन नेमक्या राहिल्या.

आतां ०.१ व ०.२ ह्यांची बेरीज ०.३ इतकी आहे काय, असा प्रश्न यंत्रास केला तर तें ‘नाहीं’ असें उत्तर देतें. त्यानें ठेवलेला ०.१ खऱ्याहून किंचित् अधिक असतो, ०.२ हि किंचित् अधिक असतो, उलट ०.३ किंचित् कमी असतो. त्यामुळें बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी कांहीशी निघते व दोन्ही बाजू जुळत नाहींत. ह्या उत्तरांत यंत्राची चूक कोठेंच नाहीं. त्याच्या खणांत ज्या संख्या होत्या त्यांविषयीं त्यानें खरें तेंच सांगितलें. विचारणाराच्या मनांत मात्र दुसऱ्याच संख्या होत्या.

तरत्या बिंदूची कल्पना संगणकाहून जुनी आहे. स्पेनमधील यंत्रज्ञ लेओनार्दो तोर्रेस केवेदो ह्यानें १९१४ सालीं स्वयंचलित यंत्रांविषयीं लिहितांना संख्या अशा रीतीनें मांडण्याची सूचना केली होती. ती प्रत्यक्षांत आणण्याचा मान जर्मन स्थापत्यविशारद कॉनराड त्सूझे ह्याकडे जातो. त्यानें बर्लिन येथें १९४१ सालीं पुरें केलेलें झेड ३ हें यंत्र २२ बिटांच्या तरत्या संख्यांवर गणित करीत असे. ह्या यंत्रास बेरीज, गुणाकार, भागाकार, इतकेंच काय पण वर्गमूळहि येत होतें. पण गणितांत आलेल्या उत्तराप्रमाणें पुढील वाट बदलण्याची सोय त्यांत नव्हती. म्हणजे तरत्या संख्या प्रथम जन्मास आल्या, व त्यांची तुलना करून निर्णय घेण्याचा प्रसंग यंत्रावर मागाहून आला. १९४३ सालीं हें यंत्र बाँबहल्ल्यांत नष्ट झालें.

ह्यानंतर तीन वर्षांनीं अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें आर्थर बर्क्स, हर्मन गोल्डस्टाइन व जॉन फॉन नॉयमन ह्या तिघांनीं भावी संगणकाच्या रचनेसंबंधीं एक प्रसिद्ध टिपण तयार केलें. त्यांत त्यांनीं तरत्या बिंदूविरुद्ध मत दिलें आहे. घात लिहिण्यांत स्मरणकोशांतील मोलाची जागा वायां जाते व यंत्राची रचना गुंतागुंतीची होते. उलट गणितज्ञानें आपल्या प्रश्नांतील संख्या केवढाल्या होतील ह्याचा आधींच अंदाज करून मान ठरविलें तर हा खटाटोप नको, असा त्यांचा आशय होता. काळानें त्यांचा हा सल्ला मानला नाहीं. आय. बी. एम. कंपनीनें १९५४ सालीं बाजारांत आणलेल्या ७०४ ह्या यंत्रांत तरत्या बिंदूचें गणित यंत्राच्या अंगींच बसविलें होतें, व तेव्हांपासून शास्त्रीय गणितासाठीं तीच रीत रूढ झाली. तथापि त्या तिघांच्या म्हणण्यांत एक गोष्ट गर्भित होती, तिचें महत्त्व पुढें कळून आलें. जो मनुष्य स्वतः मान ठरवितो त्यास आपल्या उत्तरांतील किती अंक भरंवशाचे आहेत हें पदोपदीं ठाऊक असतें. सोय वाढली, तसें हें ज्ञान सुटत गेलें.

१९५७ सालीं जॉन बॅकस व त्याचे सहकारी ह्यांनीं ह्याच ७०४ यंत्रासाठीं फोर्ट्रान नांवाची भाषा सिद्ध केली. शास्त्रज्ञांस आपलीं सूत्रें जवळ जवळ जशींच्या तशीं लिहून यंत्रास देतां यावीं, हा तिचा उद्देश होता. तींत निर्णय घेण्यासाठीं एक वाक्य होतें. त्यांतील पदावलीची किंमत ऋण आल्यास एक वाट, शून्य आल्यास दुसरी व धन आल्यास तिसरी, अशा तीन वाटा तें दाखवी. दोन संख्या ताडून पाहावयाच्या म्हणजे एकींतून दुसरी वजा करावयाची आणि ह्या तिठ्यावर उभें राहावयाचें. तर्कदृष्ट्या ही रचना निर्दोष आहे. कोणतीहि संख्या ह्या तीन वर्गांपैकीं एकांत पडलीच पाहिजे. पण तरत्या संख्यांच्या बाबतींत मधली वाट, म्हणजे शून्याची, बहुधा ओसाडच राही. जीं उत्तरें कागदावर शून्य यावयाचीं तीं यंत्रांत अत्यल्प धन किंवा अत्यल्प ऋण निघत, व प्रोग्राम भलत्याच वाटेनें चालूं लागे. हें तीन वाटांचें वाक्य पुष्कळ वर्षें टिकलें; २०१८ च्या प्रमाण-फोर्ट्रानांतून तें शेवटीं काढून टाकण्यांत आलें.

ह्या अत्यल्प चुकांचा शास्त्रशुद्ध विचार करणारांत इंग्लंडांतील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे जेम्स विल्किन्सन हे अग्रणी होत. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांची दृष्टि फार मार्मिक होती. यंत्राचें उत्तर किती चुकलें असें न विचारतां, हें उत्तर कोणत्या प्रश्नाचें अगदीं बरोबर उत्तर आहे, असें त्यांनीं विचारलें. आणि तो प्रश्न मूळ प्रश्नाच्या अगदीं जवळचा असेल तर यंत्रानें आपलें काम चोख केलें असें मानलें. चूक ही लाजेनें झांकण्याची वस्तु नसून मोजून हिशेबांत धरण्याची वस्तु आहे, हें त्यांनीं यंत्रगणित करणारांच्या मनावर ठसविलें.

परंतु चूक मोजावयाची तर यंत्राचे नियम ठाऊक पाहिजेत, आणि त्या काळीं प्रत्येक कंपनीच्या यंत्राचे नियम निराळे होते. आय. बी. एम. नें १९६४ सालीं जाहीर केलेल्या सिस्टम ३६० ह्या यंत्रमालेंत दोनाच्या ऐवजीं सोळाचा पाया घेतला होता. शिवाय तिच्या मोठ्या लांबीच्या संख्यांच्या गणितांत वजाबाकी करतांना हाताशीं ठेवावयाचा एक जादा अंक गाळलेला होता. ह्यामुळें होणारी हानि इतकी दिसून आली कीं, गिऱ्हाइकांच्या तक्रारीवरून कंपनीस विकलेलीं यंत्रें त्यांच्या जागीं जाऊन दुरुस्त करून द्यावीं लागलीं. दुसऱ्या कांहीं यंत्रांची तऱ्हा याहून विलक्षण होती. एखादी अतिशय लहान संख्या शून्याशीं ताडून पाहिली तर ती शून्य नाहीं असें यंत्र सांगे, पण तिनें भागूं गेल्यास शून्यानें भागल्याची हाकाटी करी. म्हणून अनुभवी लोक भागाकारापूर्वीं त्या संख्येस एकानें गुणून घेत व मग ती शून्य आहे कीं काय हें पाहत. एकानें गुणिलें असतां संख्या बदलत नाहीं, हा सिद्धांत ज्या यंत्रांत खरा नाहीं, तेथें समानतेचा भरंवसा तो काय धरावा?

ही बजबजपुरी मोडून एक सर्वमान्य नियम करण्याचा उद्योग १९७७ सालीं अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स ह्या संस्थेच्या विद्यमानें सुरू झाला. त्यांत प्रमुख होते बर्कली येथील अध्यापक विल्यम कहान. ते मूळचे कॅनडांतील टोरोंटोचे. त्यांनीं आपला शिष्य जेरोम कूनन व सहकारी हॅरोल्ड स्टोन ह्यांसह जो मसुदा मांडला, त्यावर सर्वांत मोठा वाद एका बारीकशा दिसणाऱ्या मुद्यावर झाला, आणि तो मुद्दा आमच्या विषयाशीं निकट संबद्ध आहे. यंत्रांत लिहितां येणारी एक लहानांत लहान संख्या असते. तिच्याहून लहान उत्तर आलें कीं जुनीं यंत्रें त्यास सरळ शून्य ठरवीत. ह्यामुळें शून्याच्या दोहों बाजूंस एक ओसाड पट्टा पडे, व त्याची रुंदी त्याच्या पलीकडच्या शेजारशेजारच्या संख्यांमधील अंतराहून कितीतरी मोठी असे. परिणाम असा होई कीं, क्ष व य ह्या दोन संख्या भिन्न आहेत असें यंत्र कबूल करी, पण त्यांची वजाबाकी मात्र शून्य देई. ‘क्ष व य भिन्न असतील तरच त्यांच्या अंतरानें भागा’ अशी खबरदारी घेणारा सावध मनुष्यहि ह्यामुळें खड्ड्यांत पडे.

कहान ह्यांचें म्हणणें असें कीं, हा पट्टा समान अंतरावरील लहान संख्यांनीं भरून काढावा, म्हणजे उत्तर एकदम शून्यावर न आदळतां पायरीपायरीनें खालीं येईल; आणि मग दोन संख्या भिन्न असल्या तर त्यांची वजाबाकी कधींहि शून्य होणार नाहीं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या बलाढ्य कंपनीचा ह्यास विरोध होता. ही सोय यंत्रांत बसविणें खर्चाचें व गति मंदावणारें होईल असा तिचा आक्षेप होता. शेवटीं त्या कंपनीनेंच मेरिलँड येथील जी. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट ह्या नामांकित गणितज्ञास ह्या मुद्याचा निःपक्षपातीपणें विचार करण्यास सांगितलें. त्यानें १९८१ सालीं आपलें मत दिलें तें कहान ह्यांच्या बाजूनें. दरम्यान १९८० सालीं इंटेल कंपनीचा ८०८७ हा गणकमणि ह्याच धोरणावर तयार होऊन बाजारांत आला होता, त्यामुळें खर्चाचा आक्षेपहि लटका पडला. १९८५ सालीं ७५४ क्रमांकाचा प्रमाणग्रंथ मंजूर झाला. कहान ह्यांस १९८९ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. ह्या प्रमाणग्रंथाची सुधारणा २००८ व २०१९ सालीं झाली आहे, पण त्याचा पाया बदललेला नाहीं.

ह्या प्रमाणानें फोर्ट्रानच्या तिठ्याचा चव्हाटा केला. दोन संख्यांमधील संबंध आतां चार ठरले: लहान, समान, मोठी व चौथा ‘अक्रम’, म्हणजे ज्यांची तुलनाच होत नाहीं असा. शून्यास शून्यानें भागणें, ऋण संख्येचें वर्गमूळ काढणें, असल्या अर्थहीन क्रियांचें उत्तर म्हणून यंत्र एक विशेष खूण ठेवतें. तिला ‘नॅन’, म्हणजे संख्या नव्हे तें, असें म्हणतात. ही खूण कोणत्याहि संख्येशीं समान नाहीं, आणि स्वतःशींहि समान नाहीं. ऐकणारास हें विचित्र वाटतें. पण दोन निरनिराळ्या चुकांतून निघालेलीं दोन अर्थहीन उत्तरें केवळ अर्थहीन म्हणून परस्परांशीं समान कां मानावीं? उलट धन शून्य व ऋण शून्य अशीं दोन शून्यें यंत्रांत निराळीं लिहिलीं जातात, तरी तीं समान मानलीं जातात. अर्थात् लिहिण्यांतील सारखेपणा व अर्थांतील सारखेपणा हे दोन पदार्थ भिन्न आहेत, हें प्रमाणानें उघड मान्य केलें.

शून्येतर संख्येस शून्यानें भागल्यास हें प्रमाण ‘अनंत’ असें उत्तर देतें, आणि त्या अनंतांत कितीहि मिळविलें वा त्यांतून कितीहि काढलें तरी, तें मिळविलेलें किंवा काढलेलें जोंवर स्वतः सांत आहे तोंवर, त्यास विकार होत नाहीं. हें वाचतांना आपल्याकडील वाचकांस भास्कराचार्यांचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या व ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथें आहे, त्या आचार्यांनीं बीजगणितांत शून्यानें भागलेल्या राशीस ‘खहर’ अशी संज्ञा देऊन ती अशीच अविकारी सांगितली आहे. ह्यावरून कहान ह्यांनीं भास्कराचार्यांचें अनुकरण केलें असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. एकाच अडचणीशीं गांठ पडलेले दोन बुद्धिमान् पुरुष एकाच निर्णयावर आले, इतकेंच ह्यांतून घ्यावयाचें.

प्रमाण आलें, यंत्रांची भाषा एक झाली. पण ०.१ व ०.२ ह्यांची बेरीज त्यामुळें ०.३ झाली नाहीं, व होणें शक्यहि नव्हतें. प्रमाण यंत्रास शिस्त लावूं शकतें. प्रश्न विचारणारास नाहीं. त्यांतहि एक नवीच अडचण निघाली. ८०८७ व त्याच्या वंशांतील यंत्रें आपल्या अंतर्भागांत ८० बिटांनीं गणित करीत, व स्मरणकोशांत ठेवतांना संख्या ६४ बिटांत आवळीत. एकाच गणिताचें उत्तर एकदां आवळून ठेवलें व दुसऱ्या वेळीं तसेंच हातांत धरलें, तर तीं दोन उत्तरें परस्परांशीं जुळत नसत. तेंच सूत्र, तेच आंकडे, आणि तरी असमान! अधिक अचूकपणासाठीं केलेली सोयच अशी अंगावर आली. पुढें यंत्राची अंतर्गत रचना बदलल्यावर ही पीडा पुष्कळशी कमी झाली.

ह्या विषयांत मनुष्यहानि झाल्याचें उदाहरण १९९१ च्या आखाती युद्धांतील आहे. सौदी अरबस्तानांत धाहरान येथें अमेरिकन सैन्याचें पेट्रियट नांवाचें क्षेपणास्त्रविरोधी यंत्र होतें. त्याचें घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजी, व त्यांचे सेकंद करण्यासाठीं त्या मोजणीस ०.१ नें गुणी. हा ०.१ चोवीस बिटांच्या जागेंत तोडून ठेवलेला असल्यानें खऱ्याहून सुमारें एक-कोट्यंशाइतका कमी होता. येथें बिंदु तरता नसून स्थिर होता, पण एकदशांशाची दशा तीच. यंत्र सुमारें शंभर तास अखंड चालू राहिल्यावर ही तूट सांठून एक-तृतीयांश सेकंदावर गेली. तरीहि, दोन वेळांमधील अंतरच पाहावयाचें असल्यामुळें, दोन्ही वेळांत तूट सारखीच असती तर ती वजाबाकींत उडून गेली असती. परंतु प्रोग्रामांत अधिक अचूक अशी नवी रीत कांहीं ठिकाणींच घातली होती, कांहीं ठिकाणीं जुनीच राहिली होती. म्हणून ज्या दोन वेळांची तुलना व्हावयाची त्यांचीं मापेंच निराळीं झालीं. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं येणारें स्कड क्षेपणास्त्र कोठें असेल ह्याचा यंत्राचा अंदाज अर्ध्या किलोमीटरहून अधिक चुकला, प्रतिकार झालाच नाहीं, आणि बराकींतील २८ सैनिक ठार झाले. दुरुस्त केलेला प्रोग्राम धाहरानला पोंचला तो दुसऱ्या दिवशीं.

आतां उपायाकडे वळूं. पहिला उपाय सहज सुचणारा आहे. दोन संख्या अगदीं समान आहेत काय असें न विचारतां, त्यांतील अंतर अमुक एका मुभेच्या आंत आहे काय, असें विचारावें. केनेथ आयव्हर्सन ह्यांच्या ए. पी. एल. ह्या भाषेनें १९६० नंतरच्या दशकांतच अशी मुभा समानतेच्या चिन्हांत अंतर्भूत केली होती. परंतु मुभा किती असावी? सोनाराच्या काट्यावर तोळ्याच्या शहाण्णव गुंजांपैकीं एका गुंजेचा फरक पडला तर भांडण होतें; लांकडाच्या वखारींत खंडीमागें शेराचा फरक पडला तरी कोणी बोलत नाहीं. ज्यानें एक-अब्जांश ही मुभा सरसकट ठरविली, त्याच्या दृष्टीनें किलोग्रॅममध्यें मोजलेलीं इलेक्ट्रॉन व प्रोटॉन ह्यांचीं वजनें समान ठरतात, जरी दुसरें पहिल्याच्या १८३६ पट असलें तरी. उलट एकावर सोळा शून्यें इतकी संख्या घेतली, तर तिच्या आसपास यंत्राला लिहितां येणाऱ्या दोन लगतच्या संख्यांतील अंतरच २ असतें; तेथें एक-अब्जांश मुभा देणें म्हणजे कांहींच न देणें होय. ६४ बिटांच्या प्रकारांत एक व त्याच्या लगतची मोठी संख्या ह्यांतील अंतराला ‘एप्सिलॉन’ म्हणतात. ती किंमत सर्वत्र मुभा म्हणून वापरणाऱ्या प्रोग्रामकारांची हीच फसगत होते. कारण तें अंतर एकाच्या शेजारचें आहे, हजाराच्या किंवा कोटीच्या शेजारचें नव्हे.

म्हणून मुभा ही संख्येच्या मानानें असावी. डोनल्ड कनुथ ह्यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडांत ह्या सापेक्ष समानतेच्या काटेकोर व्याख्या दिल्या. एका व्याख्येंत मुभा दोहोंपैकीं मोठ्या संख्येच्या मानानें मोजतात, दुसऱ्या अधिक कडक व्याख्येंत लहान संख्येच्या मानानें. पण हीहि रीत शून्याशीं गांठ पडतांच लंगडी पडते. कारण एखादी संख्या कितीहि लहान असली तरी शून्याशीं तिचें अंतर म्हणजे ती स्वतःच, व स्वतःच्या मानानें तें अंतर पूर्ण शंभर टक्के. पायथन ह्या भाषेनें २०१५ सालीं ‘इझक्लोज’ ह्या नांवाची जी सोय दिली, तींत म्हणूनच दोन मुभा आहेत: सापेक्ष मुभा न सांगितल्यास एक-अब्जांश धरली जाते, पण निरपेक्ष मुभा न सांगितल्यास शून्य धरली जाते. शून्याजवळ किती सूट द्यावी हें भाषेनें आपण होऊन ठरविलें नाहीं. तें ठरविणें वापरणारावर सोंपविलें. आमच्या मतें हा नकार त्या योजनेंतील सर्वांत शहाणपणाचा भाग आहे.

मुभा दिल्यानें समानतेचा एक जुना गुण नाहींसा होतो, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे. अ हा ब शीं समान व ब हा क शीं समान, तर अ हा क शीं समान, असें आपण युक्लिडाच्या काळापासून मानीत आलों आहों. मुभेच्या समानतेंत हें खरें नाहीं. प्रत्येक पाऊल मुभेच्या आंत ठेवीत मनुष्य मुभेच्या बाहेर कोसभर दूर जाऊं शकतो. जो प्रोग्राम अशा तुलनेनें संख्यांची क्रमवारी लावूं जाईल, तो एखादे वेळीं क्रमच हरवून बसेल. ह्याकरितां भूमितीच्या प्रोग्रामांत, एखादा बिंदु रेषेच्या डावीकडे आहे कीं उजवीकडे अशा प्रश्नांत, दुसरी रीत अवलंबितात. जोनाथन श्यूचुक ह्यांनीं १९९७ सालीं ती उत्तम रीतीनें मांडली. आधीं जलद गणित करावें व त्यांतील चुकीची कमाल मर्यादाहि काढावी; उत्तर त्या मर्यादेच्या बाहेर असेल तर त्याचें चिन्ह विश्वासार्ह मानावें, आंत असेल तर आणखी अंक घेऊन गणित अधिक अचूक करावें. खर्च होतो तो केवळ संशयाच्या प्रसंगीं.

आणि कांहीं प्रसंग असे आहेत कीं, तेथें मुभा देणें हाच अन्याय होय. जर्मनींतील श्लेस्विग-होल्स्टाइन ह्या प्रांतांत ५ एप्रिल १९९२ रोजीं निवडणूक झाली. शेंकडा पांच मतें न मिळविणाऱ्या पक्षास तेथें सामान्यतः जागा मिळत नाहींत. ग्रीन पक्षास ५.० टक्के मतें पडल्याचें छापून आलें, व त्यास सभागृहांत जागा मिळाल्या असें सर्वांस वाटलें. रात्रीं उशिरा उलगडा झाला कीं, खरा आंकडा ४.९७ होता, छापणारा प्रोग्राम एकच दशांशस्थळ दाखवीत असल्यानें तो ५.० असा दिसला. त्या पक्षाच्या जागा गेल्या, आणि सोशल डेमोक्रॅट पक्षास ८९ पैकीं ४५, म्हणजे निसटतें बहुमत मिळालें. येथें गणित खरें होतें, दाखविणें खोटें होतें. असल्या ठिकाणीं तरत्या संख्या मुळांत आणूंच नयेत. पक्षाच्या मतांस वीसानें गुणून तो गुणाकार एकूण मतांहून कमी आहे काय, एवढें पूर्णांकांत पाहिलें कीं पुरे. पैशाचा हिशेबहि रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवतां पैशांच्या पूर्णांकांत ठेवावा. आपल्याकडे पंचांग करणारांस ही सीमारेषेवरची अडचण चांगली परिचित आहे. सूर्योदयीं जी तिथि असेल ती त्या दिवसाची तिथि. मग तिथीची समाप्ति सूर्योदयाच्या अगदीं लगत आली असतां गणितांत थोड्या पळांचा फरक पडला तरी दिवस बदलतो. फरक लहान, पण निर्णय मोठा, अशी स्थिति प्रत्येक सीमारेषेवर असते.

असो. ह्या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो कीं, समानता हा संख्यांचा गुण आहे असें जें आपण शाळेंत शिकलों तें पूर्णांकांपुरतें ठीक होतें. मोजलेल्या व यंत्रानें गणिलेल्या राशींच्या बाबतींत समानता हा एक निर्णय आहे, आणि प्रत्येक निर्णयाप्रमाणें त्यास कारण व जबाबदार मनुष्य असावा लागतो. किती अंतर क्षम्य आहे हें यंत्रास ठाऊक नसतें, भाषेस ठाऊक नसतें, प्रमाणग्रंथासहि ठाऊक नसतें. तें त्यास ठाऊक असतें ज्यानें ती वस्तु मोजली, मोजण्याच्या साधनाची मर्यादा पाहिली, व जो चुकीचा परिणाम कोणावर होईल हें जाणतो. अशा मनुष्यानें मुभा आधीं ठरवून, ती कां ठरविली हें प्रोग्रामांत स्पष्ट लिहून ठेवावें. उत्तर मनासारखें येईपर्यंत मुभा वाढवीत जाणें हें गणित नव्हे. तें काट्याखालीं बोट लावणें होय. आणि काट्याखालीं बोट लावणाऱ्या दुकानदारास आपल्या बाजारांत काय म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नकोच.